चेंबर, गतिरोधक आणि चाळीस मिलिमीटर

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात स्प्रिंगवरून भांडण झालं. हसू नका, खरंच झालं. माझ्या चुलत भावाने, म्हणजे दादाने, २०१२ सालची एक सेकंडहँड स्विफ्ट घेतली. त्याची नोकरी शेगावला, माझं कॉलेज शेगावला आणि घर खामगावला. त्यामुळे रोज सकाळी आम्ही दोघं त्याच गाडीने सोळा-सतरा किलोमीटर येतो आणि संध्याकाळी तेवढेच परत जातो. महिन्यातून एकदा तीच गाडी आजीला बोथ्याच्या घाटातून बुलढाण्याला डॉक्टरकडे नेते. गाडी घेऊन तीन महिने होत नाहीत तोच दादाने कुठेतरी लोअर केलेल्या गाड्यांचे फोटो पाहिले आणि त्याला आपली गाडी उंटासारखी दिसायला लागली. टायर आणि फेंडर यांच्यामध्ये चार बोटं जागा दिसते, ती त्याला सहन होईना. एका रविवारी तो गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसलेली होती. खर्च किरकोळ, कारण नवीन काही टाकलंच नव्हतं. चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा गॅस कटरने कापून टाकला होता.

दिसायला गाडी झकास दिसत होती, हे मी मान्य करते. पण पुढच्याच आठवड्यात आजी बुलढाण्याहून परत आली आणि ओसरीत बसून म्हणाली, "काहून रे बाप्पा, गाडी आहे का बैलबंडी? माह्या पाठीचा पार भुगा झाला. पुढच्या टायमाले मी यष्टीनं जाईन." दादाने ते हसण्यावारी नेलं. मग एका शनिवारी कॉलेजमधून येताना मागे माझ्या तीन मैत्रिणी बसल्या होत्या. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी गतिरोधक आहे, तिथे खालून खर्रर्र असा आवाज आला. घरी पोचेपर्यंत मागे ऑइलची काळी रेघ उमटली होती. चेंबर फुटलं. ज्या पैशांची बचत झाली म्हणून दादा खूश होता, त्याच्या कितीतरी पट पैसे त्या एका आवाजात गेले.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. व्हायब्रेशनचा पेपर नुकताच दिला होता, आणि पेपरात मास-स्प्रिंग-डॅम्परच्या आकृत्या काढूनही आपल्या अंगणातली गाडी अशी का वागते हे मला सांगता येत नव्हतं, याची लाज वाटली. म्हणून हा उद्योग केला. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण आपल्या पार्किंगमध्येसुद्धा दोन-तीन गाड्या "बसलेल्या" दिसतात आणि आणखी दोघा-तिघांचा विचार चालू आहे असं ऐकते.

सुरुवातीलाच एक कबुली. संपादक मंडळाने बजावलं होतं की मराठी विभागात इंग्रजी शब्द कमी कर. मी कॉन्व्हेंटची, म्हणून इमानदारीने शब्दकोश उघडला. सस्पेन्शनला शब्द मिळाला "निलंबन". पण निलंबन म्हटलं की डोळ्यासमोर गाडी येत नाही, तलाठी येतो. तेव्हा सस्पेन्शनला सस्पेन्शनच म्हणू आणि डॅम्परला गॅरेजमध्ये म्हणतात तसं शॉकअप.

आता मुद्द्याकडे. गाडी उभी असते तेव्हा तिच्या वजनाने स्प्रिंग काही अंतर दबलेली असते. हे जे दबलेलं अंतर, त्यावरून गाडीची झुलण्याची गती सरळ काढता येते. अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा, उत्तर हर्ट्झमध्ये. म्हणजे दर सेकंदाला गाडी किती वेळा वरखाली झुलेल ते. गणित सोपं जावं म्हणून पुढच्या एका चाकावर २५० किलो भार आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला २० न्यूटन अशी धरू. स्प्रिंग १२३ मिमी दबेल आणि गती येईल साधारण १.४ हर्ट्झ. रोजच्या वापराच्या छोट्या गाड्या याच्याच आसपास असतात. गती फारच कमी, म्हणजे अर्ध्या हर्ट्झच्या खाली गेली तर माणसाला बोट लागल्यासारखं मळमळतं. आणि बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या धक्क्यांना सगळ्यात जास्त वैतागतं ते ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात. पाठ, पोट, मान सगळं तिथे हलतं. आजीचा "भुगा" इथलाच.

मग सगळे म्हणतात तसं मीही समजले की लोअर केलं, म्हणजे स्प्रिंग कडक झाली, म्हणजे गाडी आदळते. वेढा कापला की स्प्रिंग कडक होते हे खरंच आहे. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाच कामाच्या वेढ्यांतला एक गेला की २० ची स्प्रिंग २५ ची होते. पण गती किती वाढली? १.४ वरून १.६ हर्ट्झ. बस्स. मी पाच हर्ट्झचा धक्का घेऊन गणित केलं. डॅम्पिंग रेशो ०.३ धरला तर मूळ गाडीत त्या धक्क्याचा २० टक्के भाग सीटपर्यंत पोचतो आणि कडक केलेल्या गाडीत २४ टक्के. चार टक्क्यांसाठी आजी एसटीने जायची भाषा करणार नाही! कडक स्प्रिंगला आपण उगाच बदनाम करतो. गुन्हेगार दुसराच आहे.

तो म्हणजे बंप स्टॉपर. शॉकअपच्या दांड्यावर रबराचा किंवा फोमचा एक ठोकळा असतो. चाक फार वर आलं तर धातूवर धातू आदळू नये म्हणून तो शेवटचा मार झेलतो. गाडी उभी असताना या ठोकळ्यापर्यंत चाकाला वर यायला जेवढी जागा असते, तेवढ्यातच गाडीचा सगळा आराम असतो. आमच्या गाडीत पुढे ही जागा मूळची ७० मिमीच्या आसपास मोजली. चाळीसने गाडी खाली आणली, उरले तीस.

आता सत्तरचे तीस झाले म्हणजे निम्म्याहून थोडं कमी राहिलं असं वाटेल. तसं नाही. स्प्रिंग जी ऊर्जा पोटात घेते ती अंतराच्या वर्गावर जाते. मूळ गाडीत अर्धा गुणिले २० गुणिले ७० चा वर्ग, म्हणजे ४९ ज्यूल. कापलेल्या स्प्रिंगला अर्धा गुणिले २५ गुणिले ३० चा वर्ग, म्हणजे ११ ज्यूल आणि थोडं वर. सरळ चौथ्या हिश्श्याच्याही खाली! जो खड्डा आधी स्प्रिंग गिळून टाकत होती तो आता स्टॉपरवर जातो. आणि स्टॉपरला चाक टेकलं की त्या क्षणी गाडीला स्प्रिंगच नाही, रबराचा ठोकळा आहे, असं समजा. तो "ठक्" असा कोरडा आवाज आणि पाठीत बसणारा दणका यातूनच येतो.

उलट बाजूनेही बघू. चाळीस खाली आणूनही मूळ गाडीइतकाच खड्डा गिळायचा असेल तर स्प्रिंग किती कडक हवी? सत्तरचा वर्ग भागिले तीसचा वर्ग, जवळपास साडेपाचपट. गती होईल ३.३ हर्ट्झ. ही रेसिंगची गाडी झाली, ऑफिसला जायची नाही. आता वीसच मिलिमीटर खाली आणा आणि स्प्रिंग ३० टक्के कडक घ्या. उरली जागा ५० मिमी, ऊर्जा साडेबत्तीस ज्यूल, मूळच्या दोन-तृतीयांश. पंधरा खाली आणि २५ टक्के कडक केली तर जवळपास ३८ ज्यूल, म्हणजे तीन-चतुर्थांशाच्या वर. पंधरा आणि चाळीस यांत बघणाऱ्याला अडीच सेंटिमीटरचा फरक दिसतो, पण पाठीला तो कितीतरी जास्त वाटतो. हे गणित मी दादाला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. त्याने ते दोनदा तपासलं (तो कॉमर्सचा आहे, हिशेबाला पक्का) आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

आपल्या भागात हे अंतर आणखी महत्त्वाचं, कारण आपली जमीन. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत वरखाली होतो. म्हणून एकही खड्डा नसलेल्या रस्त्यालासुद्धा लाटा असतात. समजा लाटेची लांबी आठ मीटर आहे आणि तुम्ही ताशी ४० किमीने चालला आहात. दर सेकंदाला १.४ लाटा चाकाखालून जातात. आणि गाडीची स्वतःची गती किती होती? १.४! म्हणजे रेझोनन्स. प्रत्येक लाटेला गाडी आधीपेक्षा जास्त झुलते, आणि त्या झुलण्याला जागा लागते. जागा नसेल तर दर लाटेला ठक्, ठक्. इथे वाचवतो तो फक्त चांगला शॉकअप.

काँक्रीटच्या रस्त्याची गोष्ट वेगळी. तिथे स्लॅबचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० ने गेलात तर सेकंदाला पाच सांधे, आणि मेहकर-सिंदखेडराजाकडून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर १२० ने गेलात तर सात-साडेसात. म्हणजे नेमका तो ४ ते ८ चा पट्टा. पण तिथले धक्के लहान असतात, स्टॉपरपर्यंत गोष्ट जात नाही. म्हणून लोअर केलेली गाडी समृद्धीवर गुळगुळीत वाटते आणि मालक म्हणतो, "बघ, काही फरक नाही." फरक मेहकरला खाली उतरून गावात शिरल्यावर कळतो.

गतिरोधकाचंही गणित केलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. स्विफ्टच्या त्या मॉडेलची दोन चाकांमधली लांबी २४३० मिमी, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेळी त्या पाठीवर मावतात. मग गाडीच्या पोटाखाली उंचवटा किती येतो? लांबीचा वर्ग भागिले आठ वेळा त्रिज्या, फक्त ४३ मिमी. कंपनी ग्राउंड क्लिअरन्स १७० सांगते. त्यातले चाळीस कापले आणि माणसांच्या वजनाने वीस गेले तरी ११० उरतात. आरामात निघेल. मी हे गणित संपवलं आणि टेप घेऊन कॉलनीच्या तोंडाशी गेले. आमचा गतिरोधक रुंदीला ६० सेंटिमीटर आणि उंचीला १२. तो दोन चाकांच्या मधल्या जागेत अख्खा मावतो, म्हणजे पोटाखाली पूर्ण १२० मिमी येतात. ११० मध्ये १२० जात नाहीत. त्यासाठी इंजिनिअरिंगची गरज नव्हती, पण चेंबर फुटायच्या आधी मोजलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही गाडी खाली आणायचा विचार करत असाल तर स्प्रिंगचं कॅटलॉग उघडण्याआधी आपल्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट गतिरोधक मोजून या. तोच तुमची मर्यादा ठरवतो.

मागच्या सीटचा विचार तर कोणीच करत नाही. मागे दोन माणसं आणि थोडं सामान मिळून १५० किलो धरा, एका चाकावर ७५. मागची स्प्रिंग २० ची असेल तर गाडी ३७ मिमी खाली बसते. चाळीस आधीच काढून घेतले, वर हे सदतीस. आता स्टॉपरपर्यंत जागाच उरत नाही, मागची माणसं स्टॉपरवरच बसून प्रवास करतात. आजी नेहमी मागे बसते. एकट्याने जाणाऱ्याला जी गाडी "ठीक आहे" वाटते, ती घरच्यांना का वाटत नाही, त्याचं कारण हे.

आता म्हणाल, कंफर्ट जाऊ दे, वळणावर तरी गाडी चांगली चिकटते ना? इथे मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली आली की त्याचा खालचा आर्म आडवा होतो आणि अजून खाली गेली तर चाकाकडचं टोक वर उचललं जातं. गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर आर्मच्या या कोनावर ठरतो, आणि गाडी जेवढी खाली येते त्यापेक्षा तो बिंदू जास्त खाली जातो. म्हणजे वजनाचं केंद्र आणि कलण्याचा बिंदू यांतलं अंतर वाढतं आणि गाडीला कलवणारा जोर वाढतो. खाली बसलेली गाडी वळणावर जास्त कलू शकते! थोडं उतरवलं आणि स्प्रिंग थोडी कडक केली तर फायदा शिल्लक राहतो. फार उतरवलं तर कडकपणाचा अर्धा भाग हा तोटा भरण्यातच जातो. शिवाय चाकांचे कोन बदलतात, टायर आतून खातो, हेडलाइट जमिनीकडे बघतात. व्हील अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते.

मग चांगलं लोअरिंग कसं निवडायचं? वेढे कापणं पहिल्यांदा बाद करा. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंगचं टेम्परिंग जातं, कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. घाटात हे नको. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग घ्यायच्या असतील तर विक्रेत्याला दोन आकडे विचारा: किती मिलिमीटर खाली आणि मूळपेक्षा किती टक्के कडक. पहिला आकडा सगळे सांगतात. दुसरा जो सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका. काही स्प्रिंगांचे वेढे एका बाजूला जवळजवळ असतात, त्या सुरुवातीला मऊ आणि दबल्यावर कडक होतात. रोजच्या वापराला त्या चांगल्या, कारण स्टॉपरच्या आधीच हळूहळू आवरतात.

पण शॉकअप तसेच जुने ठेवून स्प्रिंग बदलू नका. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की त्याच शॉकअपचा डॅम्पिंग रेशो ०.३ वरून ०.२६ वर येतो. त्यात शॉकअप जुना, थकलेला असेल तर तो आणखी खाली. मग गाडी एकाच वेळी कडकही वाटते आणि उड्याही मारते. पैसे कमी आहेत म्हणून फक्त पुढच्या स्प्रिंग बदलणं हा दुसरा घोळ. मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर आधी रोल्स-रॉइसमध्ये आणि मग अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये होता. १९३० च्या दशकात त्याने दाखवून दिलं की मागचं सस्पेन्शन पुढच्यापेक्षा थोडं जलद झुलणारं हवं. धक्का पुढच्या चाकाला आधी बसतो, मागच्याला नंतर. मागचं जलद असेल तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट राहते. फक्त पुढचं कडक केलं की हा क्रम उलटतो आणि गाडी घोड्यासारखी मागेपुढे डुलते.

कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारे सेट. त्यात दोन जाती आहेत आणि फरक समजून घेणं गरजेचं. एकात स्प्रिंगखालची रिंग फिरवून गाडी खाली आणतात. हे वेढा कापण्यासारखंच, जागा शॉकअपमधूनच जाते. दुसऱ्यात शॉकअपचं खालचं ब्रॅकेटच आट्यांवर वरखाली होतं, म्हणजे शॉकअपची लांबी बदलते आणि आतली जागा तेवढीच राहते. अर्थात टायर वर फेंडरला लागेल ती मर्यादा आहेच. दुसरी जात चांगली, महागही. आपल्याकडची धूळ आणि काळा चिखल त्या आट्यांमध्ये जाऊन बसला की त्या जाम होतात, हे विकणारा सांगत नाही.

टायरबद्दल थोडक्यात. दादाला सोळा इंची रिमही हवे होते. त्याच्या गाडीला १८५/६५ आर १५ आहेत, रबराची भिंत १२० मिमी. १९५/५५ आर १६ घेतले तर बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो आणि भिंत १०७ होते. हे चालेल. १९५/५० घेतले तर व्यास वीस मिलिमीटरने कमी, म्हणजे गाडी न सांगता आणखी दहा मिलिमीटर खाली, आणि भिंत ९७. लक्षात ठेवा, पहिली स्प्रिंग टायर असते.

कंपन्या स्वतः काय करतात? २०१८ मध्ये टाटांनी कोइंबतूरच्या जयेमसोबत टियागोची जेटीपी नावाची जोरदार आवृत्ती काढली होती. ती आता बंद झाली. ११४ पीएसचं टर्बो इंजिन, रुंद टायर, वेगळं सस्पेन्शन. सगळी प्रयोगशाळा हाताशी असताना त्यांनी गाडी खाली किती आणली? १७० वरून १६६. चार मिलिमीटर! हा आकडा वाचल्यावर दादा पहिल्यांदा हसला.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. म्हणून काही करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. हे मी फार खोलात सांगत नाही, तो माझा विषय नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. कापलेल्या स्प्रिंग भंगारात गेल्या. मूळ मापाच्या नवीन स्प्रिंग आणि चारही शॉकअप नवीन टाकले, लोअर आर्मचे बुशही. मिस्त्रींना मी म्हटलं, काका, एक मिनिट थांबा, आणि शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी कव्हर उचलून एक केबल टाय घट्ट बांधला, खाली शॉकअपच्या तोंडाला टेकवून. "ताई, हे काय कोणत्या देवाचं?" त्यांनी विचारलं. देवाचं नव्हे, मोजमापाचं. गाडी चालवून आल्यावर टाय तोंडापासून जेवढा वर सरकलेला दिसतो, तेवढी जागा सगळ्यात मोठ्या धक्क्याला वापरली गेली. पाच रुपयांचं इन्स्ट्रुमेंट.

दोघांनी खामगाव-शेगाव जाऊन आलो तर टाय ४१ मिमी सरकला. चौघं मिळून गावाकडच्या रस्त्याने गेलो तर ५८. म्हणजे स्प्रिंग न बदलता वीस खाली आणली असती तर पन्नासच जागा होती, चौघांना स्टॉपर लागलाच असता. पंधरा खाली आणि २५ टक्के कडक धरलं तर तेच ५८ सुमारे ५२ होतात आणि जागा ५५. तीन मिलिमीटर शिल्लक. दादाने वहीत पंधराभोवती गोल काढला.

पण गंमत म्हणजे नवीन शॉकअप टाकल्यावर त्याला हवी होती त्यातली निम्मी गोष्ट तशीच मिळाली. लाटांवर गाडी एकदाच झुलून थांबते, वळणावर डुलत नाही. आता तो म्हणतो, आधी एमएच-२८ च्या ऑफिसात विचारतो, मग बघू. चार बोटांची जागा अजून दिसते आणि तो अजून तिच्याकडे बघून तोंड वाकडं करतो.

मागच्या महिन्यात आजीला बुलढाण्याला नेलं. जाताना तिच्या मांडीवर शेगावची कचोरी होती, कागदात बांधलेली, डॉक्टरांच्या कंपाउंडरसाठी. घाट संपल्यावर तिने कागद उघडून पाहिला. एकही फुटली नव्हती. टाय त्या दिवशी ४९ वर होता.